न भाजलेली टेप

ऐक गं, नुसतं ऐक. मधे एक अक्षर बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटेल आणि मी रडत बसेन, आणि मला आत्ता रडायचं नाहीये.   

तो अल्बम माहितीये ना तुला? माझ्या खोलीत भिंतीवर लावलाय तो. काळं कव्हर, जिन्यावर बसलेली पोरं, आणि एकदम वरच्या पायरीवर एकजण अर्धाच दिसतो, खांदा आणि कान फक्त. तो अर्धा म्हणजे माझा बाबा. हो हो, सांगितलंय मी हजारदा, पण आज नीट ऐक, कारण आज ते सगळं लागणारे.

तर तो रॅपचा सोन्याचा काळ म्हणतात ना, त्यातला हा अल्बम. फार खपला नाही तेव्हा, पण ज्यांना कळतं ते अजून जीव टाकतात त्याच्यावर. तेव्हाचे अल्बम म्हणजे आत्तासारखं एक गाणं ऐकलं, उडवलं, दुसरं लावलं, असं नव्हतं. सुई ठेवली की पहिली बाजू संपेपर्यंत बसायचं. दोन गाण्यांच्या मधेसुद्धा काहीतरी चालू असायचं, कुणी फोनवर भांडतंय, कुणी दार बडवतंय, कुणी चुकल्यावर हसतंय. ते हसणं सुद्धा पाठ असायचं लोकांना.

आणि ह्या अल्बमचे सगळे ताल माझ्या मामानं केलेत. सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ, ज्याच्या रेकॉर्डच्या दुकानात मी दुपारी बसते तोच. जाडा, दाढीवाला, सगळे त्याला ढोल्या म्हणतात, मीपण म्हणते चिडले की. कुठल्यातरी विस्मरणात गेलेल्या रेकॉर्डवरचा दोन-चार सेकंदांचा ढोल उचलायचा आणि तो गोल गोल फिरवायचा, हे त्याचं काम. आवाज भरून ठेवायच्या यंत्रात जागा इतकी कमी की रेकॉर्ड पळवत वाजवायचा, भरून घ्यायचा आणि मग आत गेल्यावर हळू करायचा. म्हणून त्या अल्बममधला ढोल असा जड आहे, पाण्याखालून आल्यासारखा. आणि दुसऱ्या कुणाला कळू नये कुठून उचललाय म्हणून रेकॉर्डवरचे गोल कागद बादलीत भिजवून काढून टाकायचा. आता त्याचं त्यालाच कळत नाही कुठली कुठली. गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणतो, "गुपित आहे." गुपित कसलं, विसरलाय मेला.

पण हे ऐक. बाबाचा त्या अख्ख्या अल्बमवर एकच तुकडा आहे. दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात. सोळा ओळी. त्याला सगळे पाव्हणा म्हणायचे, कारण तो एक दिवस कुणासोबत तरी स्टुडिओ पाहायला म्हणून आला आणि तिथलाच झाला. आईला भेटला तोही तिथंच. आणि अल्बम बाहेर यायच्या आधी, आणि मी जन्मायच्या आधी, तो गेला. बसस्टँडसमोर, ट्रकखाली. आई म्हणते, मामाचा रेकॉर्डचा माल येणार होता बसनं, तो उतरवून घ्यायला गेला होता.

म्हणजे माझ्याकडे बाबाचं काय आहे? एक खांदा, एक कान आणि सोळा ओळी. बाकी काही नाही. त्या ओळी सुरू व्हायच्या आधी तो श्वास घेतो, तो श्वास ऐकू येतो, तो मला ओळींपेक्षा जास्त आवडतो. पण गाताना माणूस वेगळा असतो ना गं? साधा कसा बोलायचा, "जरा पाणी दे" कसं म्हणायचा, हे मला कधीच माहीत नव्हतं.

आणि आई सांगते ती एक गोष्ट. मी पोटात आहे हे तिनं त्याला सांगितलं, तर तो स्टुलावर चढून नाचला. स्टूल मोडलं. ही गोष्ट तिनं मला इतक्यांदा सांगितलीये की मला ते स्टूल दिसतं. शाळेत कुणी बाबावरून बोललं की मी घरी येऊन ती गोष्ट मागायची, जशी बाकीची पोरं खाऊ मागतात.

तर झालं काय, त्या अल्बमची नवी आवृत्ती निघणारे. रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी मामाला विचारलं, त्यावेळचं न आलेलं काही आहे का? मामा आधी नाहीच म्हणाला. मी तिथंच होते दुकानात, मी ऐकलं. "काही नाही, सगळं गेलं," म्हणाला. आणि आठवड्यानं त्याची बायको, म्हणजे मामी, मला सहज म्हणते, "अगं, आमच्या पलंगाखाली ते तुझ्या बाबाचं खोकं आहे ना, ते एकदाचं घेऊन जा, मला झाडता येत नाही."

तुझ्या बाबाचं खोकं!

मी मामाला धरलं. तो खरकटं पुसल्यासारखा दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "अगं, आहे एक रीळ. पाव्हण्याचं. पण ते मेलं असेल आता, काय ऐकणार त्यात?" मी म्हटलं, मेलं असेल तर मेलेलं ऐकीन. तू ते मशिनकाकांकडे घेऊन चल, नाहीतर मी मामीकडून उचलून नेते.

घरी आईला सांगितलं. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासते, तुला माहितीये, घरी आली तरी बोटांच्या टोकांना ती पांढरी पूड असते. तिनं ऐकलं आणि नळ सोडला, हात धुवत बसली, खूप वेळ. म्हटलं, "तू पण चल ना." तर पाठ न वळवताच म्हणाली, "नको. मला दुकान आहे." आणि मग, "तो साधा बोलला असेल काही त्यात, तर ऐकून ये. काय बोलला ते मला सांग."

बस्स, एवढंच.  तेव्हापासून मला एकदम दोन भीती वाटायला लागल्या. एक म्हणजे टेप बोलणारच नाही. आणि दुसरी म्हणजे बोलेल. कळतंय ना? मामा 'काही नाही' का म्हणाला होता?

मशिनकाका म्हणजे ते जुनी टेपची यंत्रं दुरुस्त करतात ते. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर खोली आहे त्यांची, खाली ड्रम फिरले की वरची फरशी हादरते. खोलीत सगळीकडे चाकं, पट्टे, स्क्रूच्या डब्या, आणि कोपऱ्यात एक फळं सुकवायचं यंत्र. मला वाटलं काका फळं खात असतील. तर काका म्हणाले, "ही माझी भट्टी. ह्यात टेपा भाजतो."

"भाजता?"

"त्या काळातल्या टेपा हवेतली ओल पितात बाळ, वर्षानुवर्षं. चिकट होतात. तशीच लावलीस तर वरचा थर सोलून निघतो. आणि थर म्हणजेच आवाज. मंद आचेवर एक अख्खी रात्र सुकवायची, मग थंड करायची, मग लावायची. मग ती काही दिवस शहाण्यासारखी वागते. तेवढ्यात कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं."

मामानं रीळ टेबलावर ठेवलं. काकांनी वास घेतला त्याचा! खरंच, नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. "प्यायलेली आहे," म्हणाले. "भाजायची. आज काही ऐकायला मिळणार नाही. मी खालून स्पिरिट घेऊन येतो, डोकी पुसायला संपलंय. हात लावू नका कुणी."

डोकी म्हणजे यंत्रातली, ज्यांच्यावरून टेप घासत जाते ती. काका गेले जिन्यानं खाली.

आणि मामानं रीळ उचललं आणि यंत्रावर चढवलं.

मी म्हटलं, "मामा! काका काय म्हणाले?"

"अगं, म्हातारा प्रत्येक टेपला हेच म्हणतो. हे रीळ कोरड्या जागी होतं, माझ्या पलंगाखाली. आयुष्य गेलं माझं टेपांमधे, मला शिकवतो काय? तुला ऐकायचंय ना?"

ऐकायचंय का! मी काय सांगू तुला. मला ओरडायला हवं होतं, हात धरायला हवा होता. पण मी यंत्राच्या अजून जवळ सरकले. मामाची बोटं भराभर चालली, टेप ह्या चाकातून त्या चाकात, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगचं लाल बटण, आणि खटकन यंत्र चालू.

आधी नुसतं सूं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खोकला.

अगं, खोकला! माझ्या बाबाचा खोकला. मी तो कधीच ऐकला नव्हता आणि मला कळलं की हा त्याचाच, कारण मी अस्साच खोकते.

मग तो बोलला. "येतोय का आवाज?"

 आवाज पोरासारखा होता गं. कॉलेजच्या पोरासारखा. माझ्या डोक्यात बाबा म्हणजे बाबा, मोठा माणूस, आणि हा तर माझ्यापेक्षा लहान! मी आता त्याच्यापेक्षा मोठी आहे, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मला एकदम त्याचीच काळजी वाटायला लागली.

आता एक समजून घे. तो काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर, आणि मामा काचेच्या अलीकडे यंत्रापाशी. मामा जे बोलला ते बाबाच्या हेडफोनमधे गेलं, टेपवर नाही आलं. म्हणजे आपल्याला ऐकू येतं फक्त बाबाचं. एकतर्फी. मधे मधे शांतता, आणि त्या शांततेत हेडफोनमधून झिरपणारा तो जड ढोल, बारीक, कुठंतरी लांब.

"नाही रे, घसा बरा आहे." शांतता. "हां. काल सांगितलं तिनं." शांतता. मग तो हसला, पण हसणं कसं, नाकातून, हुं असं. "नाचलो म्हणजे काय... ती बघत होती ना माझ्याकडे. नाचावंच लागतं रे अशा वेळी."

मी मामाकडे बघितलं. मामा माझ्याकडे बघत नव्हता. फिरणाऱ्या चाकाकडे बघत होता.

स्टूल, माझं ते स्टूल! ऐकतेयस ना?

"खरं सांगू का तुला?" बाबा म्हणाला. "बाळाचं म्हणशील तर..."

आणि टेप किंचाळली.

खोटं नाही सांगत, किंचाळली. फळ्यावर नख ओढल्यावर येतो ना तसा आवाज, पण त्याच्या दसपट. बाबाचा आवाज त्याच्या आत, घोगरा, बुडाल्यासारखा, शब्द चालू आहेत पण कळत नाहीत. आणि यंत्राखाली तपकिरी भुकटी पडायला लागली. कोकोसारखी. चाक अडखळायला लागलं.

जिन्यात धाडधाड पावलं. काका खालूनच ओरडले, "बंद करा! ती सोलतेय! बंद!"

आणि मामा ओरडला, "नको! चालू दे! रेकॉर्ड होतंय, चालू दे!"

यंत्राच्या जवळ मी होते. माझं बोट बटणावर. आणि मला विचार करायला वेळ किती, डोळ्याची पापणी लवते तेवढा. चालू ठेवलं तर निदान आत्ता जे येतंय ते येईल, घोगरं का होईना. बंद केलं तर पुढचं वाचेल, पण वाचेल का नक्की? आणि आतून दुसराच कुणीतरी म्हणत होता, दाब, म्हणजे ऐकावं लागणार नाही. टेपसाठी नको दाबू, स्वतःसाठी दाब.

मी दाबलं. बाबाचं वाक्य अर्ध्यात तोडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यासमोर बोलला आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

काका आत आले ते मामाला काय काय बोलले, ते मी तुला सांगू शकत नाही, तुझी आई आत आहे.  कापसाची काडी स्पिरिटमधे बुडवून त्यांनी यंत्राचं एकेक डोकं पुसलं. काडी तपकिरी झाली. दुसरी, तीपण तपकिरी. मी विचारलं, "काका, हे काय आहे?" त्यांनी तिसरी काडी काढली. पण मला कळलं. त्या काडीवर त्याचे शब्द होते.

टेप चिमट्यानं हळूहळू सोडवली त्यांनी, केसात अडकलेलं च्युइंगम काढावं तशी. भट्टीत ठेवली. "उद्या दुपारी या," म्हणाले, आणि मामाकडे बघून, "ही येईल. तू आलास तरी बाहेर बसायचं."

खाली उतरलो. लाँड्रीच्या दारात गरम वाफ येत होती, पण मला हुडहुडी भरली होती. कारण आता माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. मामा, जो नुसतं बोट लावून कुठल्या टेपचं वय काय ते सांगतो, त्या मामाला कळलं नाही ओली टेप लावू नये? का त्याला पक्कं कळलं होतं?

मी विचारलंच. "मुद्दाम लावलीस का रे तू?"

तो थांबला. एवढा मोठा माणूस, पण असा आकसला ना. म्हणाला, "वेडी आहेस का? मग मी चालू दे का ओरडलो असतो?"

"घासून जावी म्हणून."

 एक मोटरसायकल गेली, दुसरी गेली. मग म्हणाला, "जाळायची असती तर केव्हाच जाळली असती गं. पलंगाखाली घेऊन झोपलो नसतो. त्यात त्याच्या सगळ्यात भारी ओळी आहेत. तसं पुन्हा कुणी बोललं नाही." आणि मग हळूच, "मला आठवतंय तो काय म्हणाला ते. सांगू?"

मी कानावर हात ठेवले. खरंच ठेवले, भर रस्त्यात, वेड्यासारखे. कारण मामा जे सांगेल ते गोडच सांगेल ना? बाबा काहीही बोललेला असू दे, मामा मला 'तो आनंदानं रडला' म्हणूनच सांगणार. आणि मग मला आयुष्यभर कळणार नाही, की हे बाबाचं आहे का मामाचं.

रात्री झोप कसली. आई विचारेल म्हणून मी लवकर पांघरूण घेऊन पडले. तिनं दारातून एकदा डोकावलं, मी डोळे घट्ट मिटले. "उद्या आहे, आज काही झालं नाही," एवढंच जेवताना सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि माझ्या पानात अजून वाढलं.

काल दुपारी गेले. मामा आला होता, बाहेर जिन्यावर बसला, गुडघ्यांवर कोपरं ठेवून, मास्तरांनी वर्गाबाहेर काढल्यासारखा. काकांनी टेप थंड करून ठेवली होती. त्यांनी ती यंत्रावर चढवली, हातांनीच चाक फिरवून बघितलं, मान हलवली. "चालेल. जेवढं सोललं तेवढं गेलं. पुढचं आहे." आणि मला खुर्ची दिली. "बटण तू दाब. मी पाठ करून बसतो, मी फक्त आवाजाचे काटे बघणार."

दाबायला मला इतका वेळ लागला की काका म्हणाले, "चहा मागवू का?"

दाबलं.

खोकला आला. "येतोय का आवाज?" आला. घसा, नाचावंच लागतं, सगळं आलं, पण आता मधे मधे भोकं पडलेली, कुणी तोंडावर हात ठेवून काढून घेतल्यासारखी. "बाळाचं म्हणशील तर..." मग एक मोठं भोक. नुसती हवा. मी म्हटलं, संपलं, गेलं, तेवढंच गेलं जे हवं होतं. आणि तुला सांगते, मला सुटल्यासारखं झालं. जीव भांड्यात पडला माझा!

आणि भोक संपलं.

"...नको होतं रे. आत्ता नको होतं." स्वच्छ. इथं, कानाशी बसून बोलल्यासारखं. "मला नाही जमणार. रात्री छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. पळून जावंसं वाटतंय. सकाळची गाडी पकडावी आणि जावं कुठंतरी."

मग शांतता. खूप लांब. ढोल चालूच, ठक, धम्म, ठक. मामा बोलत असणार त्या शांततेत.

"दे शिव्या, दे. तुझी बहीण आहे, तू देणारच."

अजून शांतता.

"नाही रे. नाही जात." मग, हळू, इतकं हळू की काकांचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला, "माहीत नाही."

मग नाक ओढल्याचा आवाज. आणि मग एकदम, "चल, घे. डोकं फिरलंय तोवर घे पटकन."

आणि तो श्वास! तोच गं, मला पाठ असलेला. आणि मग त्यानं ओळी सोडल्या. मामा खोटं नव्हता बोलला. त्या अल्बमवर, त्या काळच्या कुठल्याच अल्बमवर, तसं कुणी बोललेलं मी ऐकलं नाहीये. शब्दांच्या पाठीमागे कुणीतरी लागल्यासारखा पळत होता तो. घाबरलेला होता. मला कळलं ना, मीपण तशीच घाबरलेली बसले होते तिथं, खुर्चीच्या कडा धरून, तसाच श्वास वरच्या वर घेत. अंगावर काटा आला आणि त्याच वेळी वाटलं, बंद व्हावं हे, बंद व्हावं, कारण हा जो इतका भारी बोलतोय ना, तो माझ्यापासून पळायचं म्हणतोय.

संपलं. काकांनी चाक थांबवलं. ते बिचारे खाली बघूनच म्हणाले, "उतरलंय सगळं. तुझ्या फोनवर देतो. कंपनीला फक्त ओळी देऊ का? बोलणं काढून?"

मी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, माझं मलाच माहीत नाही.

बाहेर आले. मामा उठून उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत बसला. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले. आणि तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं, सकाळची गाडी आणि ते बसस्टँड. कसं आलं माहीत नाही, पण आलं, आणि आलं ते जायलाच तयार नाही. मी विचारलं, "मामा, त्या दिवशी बसस्टँडवर तुझा माल येणार होता?"

"होता की," म्हणाला लगेच. "होता ना. रेकॉर्डची दोन खोकी होती. होता."

एकदा म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता.

"काय होतं त्या रेकॉर्डमधे?"

"आता ते कसं आठवेल?"

"कुठाहेत ती खोकी?"

"अगं..." म्हणाला आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात इतका जड लागला मला. "तो तुला सोडून गेला नसता गं. मी ओळखतो ना त्याला. घाबरला होता, पोरगा होता, घाबरतात सगळे. दुसऱ्या दिवशी हसत आला होता स्टुडिओत." मग थोड्या वेळानं, "तुझ्या आईला कशाला सांगायचं? तिनं त्या नाचण्यावर सगळं आयुष्य काढलंय."

घरी गेले.  फोन खिशात, आणि खिसा तापल्यासारखा वाटत होता. दार आईनंच उघडलं, म्हणजे ती वाट बघत होती, कारण एरवी मला किल्लीनं उघडावं लागतं. अजून दुकानाचेच कपडे, बोटांना ती पांढरी पूड. आणि गंमत सांगू? तिनं विचारलंच नाही लगेच. मला पाणी दिलं. पंखा लावला. गादीवरची चादर सारखी केली, जी सारखीच होती. मग माझ्याकडे पाठ करून, भांडी लावता लावता म्हणाली, "बोलला का काही?"

मी म्हटलं, "हो. खोकला. माझ्यासारखाच खोकतो."

ती हसली, भांड्यांकडेच बघत. "आणि?"

"आणि हसला. एकदा."

"आणि?"

 डोक्यात दोन्ही बाजूंनी ओढाताण. सांग, तिचा नवरा होता तो, तिचा हक्क आहे. नको सांगू, ते स्टूल तिचं आहे, तू कोण ते मोडणारी? आणि त्याहून वाईट, सांगितलं तर ती बसस्टँडचा विचार करेल, आणि मग मीच एकटी नाही राहणार त्या विचारात, पण तीसुद्धा त्यात येईल, आणि कधीच बाहेर नाही येणार.

मी म्हटलं, "पुढची टेप खराब झालीये आई. सोलली गेली. पुढचं नाही आलं काही."

आई थांबली. तिच्या हातात पातेलं होतं, ते तिनं खाली ठेवलं, आवाज न करता. आणि अगं, तिचे खांदे खाली आले. मी पाहिलं, वर्षानुवर्षं कुणी धरून ठेवलेले असावेत तसे ते खांदे खाली आले. आणि ती म्हणाली, "बरं झालं."

बरं झालं!

का म्हणाली ती बरं झालं? सांग ना. तिला माहीत होतं? का तिलाही आयुष्यभर तीच भीती होती, जी मला आत्ता दोन दिवसांत लागलीये? म्हणजे स्टुलाची गोष्ट ती मला सांगायची का स्वतःला? मी तशीच उभी. ती वळली, माझ्या गालाला तिची पूड लागली, आणि म्हणाली, "चल, जेवून घे, तोंड बघ कसं झालंय."

आणि फोन हा बघ, ह्यातच आहे ते सगळं. कंपनीवाल्यांना उद्या कळवायचंय, बोलणं ठेवायचं का काढायचं, आणि ठेवलं तर आई कधीतरी ऐकणारच, दुकानात कुणीतरी लावेल, कुणीतरी सांगेल. काढलं तर बाबाचं खरं बोलणं जगात फक्त माझ्या खिशात, आणि मामाच्या डोक्यात.

आता बोल. आता बोललीस तरी चालेल. माझ्या जागी तू असतीस, आई अशी पाठ करून उभी, आणि म्हणते "आणि?", तर तू काय केलं असतंस?